वर्क्स कमिटी असताना युनियन कशाला लागते?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की कंपनीत वर्क्स कमिटी आहे मग युनियन कशाला, आणि तुमचे एचआरवाले सांगतात की जर्मनीत पण असंच चालतं. मी जळगाव एमआयडीसीत एका कारखान्यात होतो, तीन वर्षं कमिटीवर होतो, म्हणून सांगतो.

कमिटीने कामं होतात, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात इकडे पारा ४४-४५ ला जातो, वर पत्र्याचं शेड, मशीनजवळ उभं राहवत नाही, तर कूलर, थंड पाण्याचे जार, वेळेवर सेफ्टी शूज हे सगळं आम्ही कमिटीतूनच करून घेतलं. कायद्याने तिचं काम तेवढंच आहे. १०० किंवा जास्त कामगार असले की सरकार कमिटी बनवायला सांगू शकतं, मॅनेजमेंटची जितकी माणसं तितकी तरी कामगारांची पाहिजेत, आणि रोजचे वाद बोलून मिटवायचे. पगाराचं काढलं की आम्हाला उत्तर मिळायचं, हा विषय इथला नाही.

मग एकदा मीटिंगमध्ये कागद आला, एका ऑपरेटरने दोनाऐवजी तीन मशिनी बघायच्या. आम्ही चौघांनी सही केली. खाली फ्लोअरवर माणसं भडकली. आमच्यात अमळनेरच्या मिलमध्ये काम केलेले एक आबा होते, ते एवढंच बोलले, "भाऊ, तुनी सही काय कामनी शे?" मला लई लागलं ते. नंतर वकिलाने सांगितलं की आबा बरोबरच होते, १९६० साली नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय, कामाच्या अटी बदलायला वर्क्स कमिटीने होकार दिला तरी तो कामगारांवर किंवा युनियनवर बंधनकारक नाही, कमिटी युनियनची जागा घेऊ शकत नाही.

त्यानंतर आम्ही युनियन केली. रजिस्टर करायला कमीत कमी सात जण लागतात, आणि १० टक्के किंवा १०० कामगार, जे कमी असेल तेवढे मेंबर. पण रजिस्टर झाली म्हणजे मालक बोलायला बसेलच असं नाही, मान्यता वेगळी. आमच्या वेळी महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने सहा महिने ३० टक्के मेंबर दाखवून इंडस्ट्रियल कोर्टातून ती घ्यावी लागायची. नव्या लेबर कोडमध्ये एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्केवाली एकटी बोलणी करणार, तेवढे कोणाकडेच नसतील तर २० टक्के किंवा जास्त मेंबर असलेल्या युनियनची मिळून बोलणीची कौन्सिल. म्हणून मेंबरशिपच्या पावत्या जपून ठेवा, सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

आता जर्मनीचं. तिथे पाच कामगार असले तरी वर्क्स कौन्सिल, म्हणजे कामगारांची कमिटी, निवडता येते, दर चार वर्षांनी, युनियनचा मेंबर असो नसो सगळे मत देतात, आणि कोणाला कामावरून काढायच्या आधी कौन्सिलचं म्हणणं ऐकलं नाही तर ते काढणंच रद्द ठरतं! पण ती संप करू शकत नाही, पगाराचे करार मुख्यतः युनियनच करते. म्हणजे तिथेही दोन्ही आहेत. एचआरला विचारा, काढायच्या आधी कमिटीला विचारण्याचा नियम आपल्याकडे लावता का.

कमिटी सोडू नका. प्रत्येक मीटिंगच्या मिनिट्सची कॉपी घ्या, आणि कामाचा लोड बदलणारा कागद आला तर "आधी खाली विचारून येतो" म्हणून उठा. मी उठलो नव्हतो, आणि दोन महिने माझ्याबरोबर डबा खायला कोणी बसलं नाही.