दुसरी किल्ली हरवलेली आणि गाडी अजून दुसऱ्याच्याच नावावर

प्रश्न : मी कर्नाटकातल्या निपाणीत राहतो, कामाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो. चौदा महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका एजंटामार्फत महाराष्ट्र पासिंगची जुनी कार घेतली. पैसे पूर्ण दिले, एजंटाचं कमिशनही दिलं. आरसी अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. त्याने सह्या केलेले, गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म माझ्याकडे तसेच पडून आहेत. गाडीबरोबर एकच किल्ली मिळाली. "दुसरी नंतर देतो" म्हणणारे मालक आता "घर बदलताना हरवली" म्हणतात. चिपवाली किल्ली असल्याने साधी कापून चालत नाही. शोरूमवाले म्हणतात, आरसीवाल्याला घेऊन या. एजंट म्हणतो, "किल्ली माझ्याकडून निपाणी बसस्टँडवर हरवली" असं तुम्हीच बाँडवर लिहून द्या, काम होईल. बाजारात एकजण कागद न बघता तासाभरात करून देतो म्हणतोय. काय करू?

उत्तर : एजंटाने सांगितलेला बाँड करू नका. बाकीचं पुढे बघू, पण हे आधी.

जी किल्ली तुमच्या हातात कधी आलीच नाही, ती तुमच्याकडून बसस्टँडवर कशी हरवेल? शपथेवर खोटं लिहून देणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. पकडणार कोण, असं एजंट म्हणेल. पकडणारी विमा कंपनी असते. उद्या गाडी चोरीला गेली तर कंपनीचा तपासनीस पहिल्यांदा दोन्ही किल्ल्या मागतो. एक नाही म्हटलं की कधी, कुठे, कशी हरवली ते विचारतो. मग तो मूळ मालकालाही फोन करतो. मालक सांगणार "घर बदलताना", तुमचा बाँड सांगणार "बसस्टँडवर". एवढ्या विसंगतीवर क्लेम नाकारलेला आहे असं पत्र तयार होतं. खरं तेच लिहायचं : एकच किल्ली मिळाली, दुसरी विक्रेत्याकडून हरवल्याचं त्याने अमुक तारखेला सांगितलं. हरवल्याची नोंद पोलिसांत मूळ मालकानेच करायची, कारण किल्ली त्याच्याकडून हरवली आहे.

शोरूमवाल्यांवर रागावू नका. तुमची गाडी नावावर नसलेल्या माणसाला ते चिपची किल्ली देऊ लागले, तर तुम्हीच पहिले ओरडाल. आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि हरवल्याची नोंद ते मागतात, ते रास्तच आहे.

आता बाजारातल्या माणसाचं. तुमच्याच गाडीची किल्ली बाहेरून करून घेणं हा काही गुन्हा नाही. मला आक्षेप आहे तो कामाच्या प्रकाराला. किल्लीच्या डोक्यात बॅटरीशिवाय चालणारी चिप असते, इग्निशनभोवतीची कॉइल ती वाचते आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत तिचा नंबर असला तरच इंजिन सुरू होतं. तासाभरात होणारं काम बहुतेक वेळा तुमच्या चिपची नक्कल असते. गाडीला दोन्ही किल्ल्या एकच वाटतात. यादीला हातही लागत नाही, म्हणजे ती हरवलेली किल्ली आजही तुमची गाडी सुरू करू शकते! ती कोल्हापूरच्या कुठल्या ड्रॉवरमध्ये, कुणाच्या खिशात आहे, देव जाणे. म्हणून शोरूममध्ये नुसती "नवी किल्ली जोडा" म्हणू नका, "जुन्या पुसून माझ्याजवळची आणि नवी, एवढ्याच नोंदवा" असं जॉबकार्डवर लिहून घ्या. त्यासाठी गाडी आणि हातातली किल्ली दोन्ही तिथे लागतात. पुसलेल्या किल्लीने दार उघडेल, इंजिन सुरू होणार नाही. बिलावर चेसिस नंबर आहे ना, ते बघा आणि बिल जपून ठेवा. किल्ल्यांबरोबर येणारा कोड नंबरचा बारका बिल्ला असेल तर तोही मालकाकडून मागा, नवी किल्ली कापायला तो उपयोगी पडतो.

पण खरं दुखणं किल्लीचं नाही, आरसीचं आहे. तुमच्या पत्रात ते एका ओळीत उरकलंय.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायला अर्ज करायचा असतो. तुमचे चौदा महिने झाले. कलम ४७ म्हणतं, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. रोज हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून कागलला जाते म्हणून ती महाराष्ट्राची ठरत नाही. रात्री मुक्कामाला निपाणीत असते, हे शेजारीही सांगतील. आपल्या भागात निम्म्या गाड्या अशाच फिरतात हे मला ठाऊक आहे, पण तो बचाव नव्हे.

त्याहून मोठा धोका विम्याचा. पॉलिसी मूळ मालकाच्या नावावर असणार. कलम १५७ मुळे गाडी विकली की विमा आपोआप घेणाऱ्याकडे जातो, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, फक्त तिऱ्हाईताच्या, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाच्या झालेल्या नुकसानीपुरतं. गाडीचं स्वतःचं नुकसान आणि चोरी त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या निकालात सांगितलंय. म्हणजे आज गाडी चोरीला गेली तर दोन किल्ल्या काय, चार असल्या तरी तुम्हाला दमडी मिळणं अवघड. नाव लागलं की १४ दिवसांच्या आत पॉलिसी बदलून घ्या आणि किल्लीची हकीकत कंपनीला ईमेलने कळवून ठेवा.

मालकाला हलवायचं कसं? भांडून नाही, त्याचा फायदा दाखवून. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव होतं त्यालाच सुप्रीम कोर्टाने मालक धरून भरपाईला जबाबदार ठरवलं. तुमच्या हातून काही झालं आणि विमा संपलेला असला, तर बोजा त्या कोल्हापूरकरांवर. एवढं त्यांना शांतपणे, स्पीड पोस्टाने कळवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. बहुतेक माणसं याने जागी होतात. नोटीसला ते बधले नाहीत तर दिवाणी दावा आहेच, पण तिथवर जायची वेळ येऊ नये.

ते तयार झाले की एकाच दिवसात दोन कामं उरका. पहिलं, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला कोल्हापूर आरटीओत २८ नंबरच्या फॉर्मवर ना हरकत दाखल्याचा अर्ज. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर बघा, असेल तर आधी बँकेचा दाखला आणि कर्जाची नोंद काढायचा ३५ नंबरचा फॉर्म लागेल. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी मालकाच्या मोबाईलवर येतो, म्हणून ते समोर हवेतच. तिथून दोघांनी मिळून कोल्हापूरच्याच शोरूममध्ये जायचं, आरसी आणि आधार त्यांचं, पैसे तुमचे. किल्ली मागवायला दिवस लागतात, मागणी त्याच दिवशी नोंदवून टाका.

मग चिक्कोडी आरटीओत नवा नंबर, नाव आणि पत्ता बदल. केए २३ मिळेल. कर्नाटकचा लाइफ टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागेल, तो खुपेल, पण महाराष्ट्रात आधी भरलेल्या करातला उरलेला भाग नवी आरसी दाखवून कोल्हापुरातून परत मागता येतो. लोक हा अर्जच करत नाहीत.

एजंटाचं काय? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. त्याच्याकडे ते आहे का, लेखी विचारा. कमिशन घेतलं म्हणजे त्याने तुम्हाला सेवा विकली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात करता येते, कोल्हापूरला खेटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं, त्यातले चौदा महिने गेलेत. मूळ मालकावर मात्र ग्राहक म्हणून जाता येणार नाही, तो धंदेवाला नव्हे. कमिशन रोखीने दिलं असेल, तर एजंटाचे व्हॉट्सॲप मेसेज आजच जपून ठेवा. त्यात तो बाँडचा सल्ला असेल तर उत्तमच.

एक शेवटचं. कधी पोलिसांत जायची वेळ आली आणि तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली, तर "वाचून दाखवा, मराठीत समजावून सांगा" असं पोलिसांना म्हणायला संकोचू नका. लिहिलेलं फिर्यादीला वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत फुकट देणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. गाडी कोल्हापुरात चोरीला गेली तरी निपाणी ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही.