वाचक विचारतात : खासी डोंगरांत पाहुणा म्हणून जाताना

गेल्या अंकातल्या मेघालयावरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच होता : जिवंत मुळांचे पूल (झाडाची हवाई मुळं ओढ्यावरून वळवून वाढवलेले) पाहिले, फोटो काढले, पण त्यातून घ्यायचं काय? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

पाच दिवसांच्या सहलीत तीन मूळ-पूल, चार धबधबे आणि दोन गुहा झाल्या. गाडीतून उतरायचं, पाहायचं, पुन्हा बसायचं. पुढच्या वेळी वेगळं काय करावं?
— पुण्याहून एक वाचक

यादी कापा. चार रात्री असतील तर एक शिलाँगला, एक सोहऱ्याला आणि उरलेल्या दोन खाली नोंगरियात गावात काढा. (आपण चेरापुंजी म्हणतो, तिथली माणसं सोहरा म्हणतात. तुम्हीही सोहराच म्हणा.) तिर्ना गावापासून नोंगरियातपर्यंत सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत, वाटेत तारांचे दोन झुलते पूल लागतात. उतरायला दीड ते दोन तास, चढायला त्याहून तासभर जास्त धरा. दम चढताना लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना. म्हणून चाकांची बॅग सोहऱ्यातच ठेवा, पाठीवर पाच किलोच्या वर नको, हातात बांबूची काठी घ्या आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा.

मुक्काम का, तर दिवसभराचे पर्यटक दुपारी तीनपर्यंत परत चढायला लागतात. त्यानंतर आणि सकाळी नऊच्या आत नोंगरियातचा मुळांचा पूल पुन्हा गावाचा होतो. सुपारीची पोती, जळणाच्या मोळ्या, शाळेची पोरं त्यावरून जाताना दिसतात. पूल कशासाठी आहे ते तेव्हाच कळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. भर पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि घसरलेल्या माणसाला वर आणायचं काम गावकऱ्यांच्या खांद्यावर पडतं. रविवार चर्चचा दिवस असतो, बरीच दुकानं बंद असतात. त्या दिवशी गाववाल्यांकडून कामाची अपेक्षा ठेवू नका.

आमच्या वाडीच्या पऱ्यावर (छोट्या ओढ्यावर) दर दिवाळीनंतर साकव (छोटा पूल) घालतो, दर पावसाळ्यात तो जातो. मेघालयासारखा मुळांचा पूल आमच्याकडे करता येईल का? रोप मिळतं असं ऐकलं आहे.
— चिपळूणहून एक वाचक

रोप मिळेल. कुंडीत शोभेसाठी लावतात तोच रबराचा वड, शास्त्रीय नाव फायकस इलॅस्टिका. पूल मिळेल की नाही, ते सांगण्याआधी तो तयार कसा होतो ते पाहू.

काठावर, शक्यतो मोठ्या दगडाच्या आधाराने, झाड लावतात. त्याला हवेत लोंबणारी मुळं फुटू लागली की बांबूचा सांगाडा ओढ्यावर टाकून कोवळी मुळं त्यावरून पलीकडे वळवतात. काही ठिकाणी पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून त्याची पन्हळ करतात आणि मूळ त्यातून नेतात. पन्हळीत ओल राहते, मूळ सरळ जातं आणि वाटेतच जमिनीकडे वळत नाही. पलीकडच्या काठावर ते मातीत रुजलं की खरी गंमत सुरू होते. वडाच्या कुळातलं हवाई मूळ रुजल्यावर जाड होतं आणि आखडून ताणलंही जातं, म्हणजे दोर आपोआप घट्ट होतो. मग बोटाएवढी नवी मुळं जुन्यांभोवती पिळून बांधतात. दोन मुळं एकमेकांना वर्षानुवर्षं दाबून राहिली की साल विरते आणि ती एकजीव होतात. कठडा तसाच विणला जातो. चालायच्या भागातल्या फटींत दगड, माती, फळकुटं भरतात.

पूल चालण्याजोगा व्हायला १५ ते ३० वर्षं लागतात. तोवर बांबूचा सांगाडा कुजतो आणि पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. म्हणजे लावणाऱ्याला हाताशी बांबूचाच पूल मिळतो, मुळांचा मिळतो तो त्याच्या मुलांना.

चुका कुठे होतात? कोवळं मूळ ओढून ताणलं की साल सोलवटते आणि टोक मरतं. सुंभ करकचून बांधला आणि सैल करायला कोणी गेलं नाही, तर मूळ जाड होताना त्यात चिरलं जातं. सर्वात मोठं नुकसान दुर्लक्षाने होतं. विणणारं कोणी उरलं नाही की मुळं मनाला येईल तशी वाढतात आणि चालायची वाट बुजते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ७४ पुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये ‘जिंगकिएंग ज्री’ या नावाने हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. यादीत गेले म्हणून टिकतील असं नाही. दर वर्षी कोणीतरी मुळं वळवली तरच टिकतील.

आता तुमचा पऱ्या. पाऊस चिपळूणलाही भरपूर, पण तो चार महिन्यांत संपतो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत हवाई मुळाची टोकं उघड्यावर सुकतात. खासी डोंगरांच्या दक्षिण उतारावरचे हे पूल खोल, सावलीच्या घळींत आहेत. तिथे मार्च-एप्रिलपासूनच सरी येतात आणि कोरड्या दिवसांतही घळीत दमटपणा राहतो. पऱ्या गर्द सावलीतून, बारमाही ओलीतून जात असेल तरच प्रयोगाला अर्थ आहे, आणि तोही साकव चालू ठेवून. आम्ही सुचवू ते असं : काठावर आपला वड किंवा नांदरुक लावा. घर, विहीर, चिऱ्याची भिंत यांच्या जवळ मात्र नको, मुळं बांधकाम फोडतात. पहिल्या पारंब्या आल्या की पोफळीच्या पन्हळीत माती आणि शेवाळ भरून त्यातल्या दोन-तीन काठाच्या मातीत उतरवा. पूल झाला नाही तरी काठ धरून राहील आणि साकवाची मेढ रोवायला पक्की जागा मिळेल.

आणि खरं सांगायचं तर दिवाळीनंतर अख्खी वाडी जमून साकव घालते, ही पद्धत तिथल्या पुलांइतकीच मोलाची आहे. लोखंडी साकव मंजूर झाला म्हणून ते जमणं मोडू देऊ नका.

जळगावकडे ठिबकशिवाय केळी नाही. मेघालयात बांबूचं ठिबक फार जुनं आहे असं वाचलं. ते खरोखर चालतं की पर्यटकांसाठी मांडलेलं असतं?
— जळगावहून एक वाचक

चालतं. ते जैंतिया डोंगरांच्या दक्षिण भागात, मुक्तापूरच्या बाजूला आहे आणि मुख्यतः पोफळींवर चढवलेल्या पानवेलींसाठी, कोरड्या महिन्यांत वापरतात. उतार खडकाळ आणि तीव्र, माती पातळ, त्यामुळे पाट खणता येत नाही. म्हणून पाणी जमिनीवरून न नेता दुबेळक्यांवर ठेवलेल्या बांबूंतून आणतात. पेरं फोडलेले जाड बांबू वरच्या झऱ्यापाशी आणि खाली येताना टप्प्याटप्प्याने बारीक नळ्या. झऱ्यावर मिनिटाला १८ ते २० लिटर आत जातं आणि वेलीपाशी मिनिटाला २० ते ८० थेंब पडतात. थेंब मोठा धरला तरी तासाला फार तर पाव-अर्धा लिटर. तुमच्याकडचा साधा ड्रीपर तासाला चार लिटर देतो. केळीला हे पुरणार नाही, पानवेलीला पुरतं.

ना पंप, ना वीज. खर्च आहे तो मजुरीचा. पानं अडकतात, जोड सरकतात, बांबू कुजतो, त्यामुळे रोज कोणीतरी ओळीने फिरत राहावं लागतं. पाहायला गेलात तर नळीला हात लावून ‘जरा सरळ’ करू नका. वरचा एक जोड बोटभर हलला की खालच्या दहा वेली कोरड्या राहतात.

होमस्टेत शिरताच सुपारी-पान पुढे केलं. आपल्या विड्यासारखंच समजून तोंडात टाकलं आणि दोन मिनिटांत घाम फुटला, डोकं गरगरलं. नको म्हटलं असतं तर चाललं असतं का?
— नाशिकहून एक वाचक

ते ‘क्वाय’. ओल्या, मऊ सुपारीचा तुकडा, चुना लावलेलं पान आणि बस्स. कात नाही, बडीशेप नाही, गुलकंद तर नाहीच. आपली सुपारी वाळलेली असते. ती ओली चावली की कान तापतात, छातीत दाटल्यासारखं होतं, न सरावलेल्याला घेरी येते. तसं झालं तर थुंका, बसा, पाणी प्या, थोड्या वेळात उतरतं. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी खाऊ नये. सुपारी कर्करोगाला कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे, तेव्हा ‘तिथली संस्कृती’ म्हणून रोज चार खाण्याचं कारण नाही.

नाकारायचं कसं, ते आपल्या हळदीकुंकवाला गेलेल्यांना सांगावं लागू नये. दोन्ही हातांनी घ्या, ‘खुब्लेइ’ म्हणा आणि रुमालात ठेवा. ‘खुब्लेइ’ नमस्कारालाही चालतं आणि आभारालाही. क्वाय खाणं हा तिथे पाहुणचाराचा पहिला शब्द आहे. एखादा माणूस गेला तर तो ‘देवाच्या घरी क्वाय खातो आहे’ असं म्हणतात. पूर्वी वाटेचं अंतरही किती क्वाय चघळून होतील त्यावर सांगत. घरातल्या बाईंना ‘कोंग’ आणि पुरुषांना ‘बाह’ म्हणून हाक मारा. ‘भैया, दीदी’पेक्षा ते कधीही बरं.

मॉफ्लांगच्या देवराईत वाळलेलं पान उचललं तर गाइडने परत ठेवायला लावलं. आम्ही मुळशी भागात देवराया राखण्याचं काम करतो. पानापर्यंत कडकपणा हवाच का?
— मुळशी तालुक्यातून एक वाचक

हवाच. शिलाँगपासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या या ७८ हेक्टरच्या राईतून काहीही बाहेर न्यायचं नाही. पान, काटकी, दगड, काहीच नाही. नियम असा बिनअपवाद असला की राखणदाराला वाद घालावा लागत नाही. ‘वाळलेलं चालेल’ म्हटलं की उद्या कोणीतरी आधी झाड वाळवतो. आपल्याकडेही जुन्या माणसांचा हाच दंडक होता. राईतलं पडलेलं लाकूडही देवाचं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाच त्यांची पडझड दिसू लागली होती. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवाचीच झाडं विकायची, हा प्रकार तुम्हाला नवा नसेल.

पण मॉफ्लांगहून आणायची खरी गोष्ट राईच्या बाहेर आहे. खासी गावांत जंगलांचे प्रकार ठरलेले असतात. ‘लॉ किंटांग’ आणि ‘लॉ लिंगदोह’ ही देवाची किंवा पुजारी कुळाच्या अखत्यारीतली. ‘लॉ अदोंग’ हे गावाने राखलेलं, त्यातून गरजेपुरतं, परवानगीने घेता येतं. ती परवानगी ‘दोरबार श्नोंग’ म्हणजे गावसभा देते. जळणाला दुसरी जागा आहे, म्हणून देवाच्या राईत कुऱ्हाड जात नाही. आपण मात्र देवराईला कुंपण घालतो आणि सरपणाचं काय, हा प्रश्न बायकांवर सोडतो. तुमच्या राईभोवती गावठाण-गायरानातली दोन-चार एकर जागा मिळत असेल तर तिथे ऐन, किंजळ, बांबू लावून तोडीचे नियम गावसभेत लिहून घ्या. त्यासाठी मॉफ्लांगला पुन्हा जाल तेव्हा गाइडला झाडांची नावं कमी विचारा. दंड किती, तो कोण वसूल करतो आणि नातेवाइकाने तोडलं तर काय करता, हे जास्त विचारा.

तिथे बायकांचं राज्य असतं म्हणे. विचारलं तर नीट उत्तर मिळत नाही.
— सोलापूरहून एक वाचक

राज्य नाही, वंश. मुलं आईचं कूळ लावतात, वडिलोपार्जित घर सहसा धाकट्या मुलीकडे, ‘का खद्दुह’कडे जातं आणि त्याबरोबर म्हाताऱ्यांची, अडल्या भावंडांची जबाबदारीही. ते घर तिला एकटीच्या मर्जीने विकता येतं असं नाही. कुळात मामाचा शब्द मोठा असतो आणि गावसभेत परंपरेने पुरुषच बसत आले. उत्तर मिळत नाही, कारण प्रश्न चुकीचा आहे. ‘तुमचा नवरा घरजावई का?’ असं परक्या घरात कोणी आपल्याला विचारलं तर आपण तरी काय सांगू?

शाकाहाराचं कसं? आणि आणण्यासारखं काय?
— सांगलीहून एक वाचक

‘जा’ म्हणजे भात, ‘दोह’ म्हणजे मांस. जादोह डुकराच्या मांसातला भात आहे, तेव्हा नावात ‘दोह’ दिसलं की थांबा. ‘तुंगताप’ ही सुक्या मासळीची चटणी. ‘तुंगरिंबाय’ आंबवलेल्या सोयाबीनची असली तरी तीत बहुधा डुकराचं मांस असतं. पुथारो मात्र तांदळाचा, आपल्या घावनाचा भाऊच. पुखलेइन म्हणजे तांदळाचं पीठ आणि गूळ तळून केलेली वडी. खसखस नसलेला अनारसा समजा. होमस्टेला आदल्या दिवशी सांगितलं तर भात, डाळ, बटाटा, पालेभाजी मिळते.

आणायचं तर तमालपत्र, मिरी आणि जैंतियाची लाकाडोंग हळद, शक्यतो पिकवणाऱ्याकडूनच. सांगलीकराला हळद आणायला सांगणं धाडसाचं आहे, पण हिच्यात कुरकुमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) सातेक टक्के असतं, नेहमीच्या हळदीत दोन ते पाच. आमटीला रोजच्या निम्मीच घाला, नाहीतर कडू लागेल.