घडीच्या चाकूला मूठ कशाची?

प्रश्न : अमेरिकेत राहणारा माझा मेहुणा तिथल्या एका कारागिराकडून माझ्यासाठी घडीचा चाकू करून घेत आहे. पाते, खटका आणि सांगाडा कारागिराचा ठरलेला असतो. मुठीच्या पट्ट्या मात्र आपण निवडायच्या. याला तिकडे सेमी-कस्टम म्हणतात. टायटॅनियम, कार्बन फायबर, जी-टेन, मायकार्टा आणि लाकूड असे पर्याय आहेत. चाकू आंब्याच्या बागेत, पावसापाण्यात रोज वापरायचा आहे आणि कधी त्याने मासेही साफ करावे लागतात. मेहुण्याचे मत कार्बन फायबरला आहे. माझ्या मनात आजोबांच्या मोडलेल्या शिसवी झोपाळ्याची फळी आहे. तिचा तुकडा पाठवून मूठ करून घ्यावी का? (एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपण मायकार्टा घ्यावा, तोही कॅनव्हासचा आणि पॉलिश न केलेला. शिसवीचा तुकडा तिकडे पाठवू नये; त्याची पट्टी इथेच करून बसवता येईल.

प्रथम खटका कोणत्या पद्धतीचा आहे ते मेहुण्याला विचारून घ्या. ‘फ्रेम-लॉक’ असेल, म्हणजे मुठीच्या एका बाजूच्या जाड पत्र्यातच चीर पाडून केलेली जीभ पात्याच्या बुडाशी येऊन अडत असेल, तर ती बाजू धातूचीच, बहुधा टायटॅनियमची, राहते आणि आपल्या हाती निवड उरते ती दुसऱ्या बाजूची. ‘लायनर-लॉक’ असेल तर धातूचे पातळ पत्रे आत असतात आणि दोन्ही बाजूंना हव्या त्या पट्ट्या लावता येतात.

मायकार्टा हे नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. विजेच्या कामात किंवा मशीनच्या गिअरसाठी जी तपकिरी ‘हायलम’ शीट वापरतात, तिचाच हा भाऊबंद. कापडाचे किंवा कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन तो घडवतात. कॅनव्हासच्या मायकार्ट्याला पॉलिश केले नाही, तर विणीचे धागे बोटांना किंचित खरखरीत लागत राहतात आणि हात ओला असला तरी पकड सुटत नाही. आरशासारखा घासून घेतला, तर हाच गुण हरवतो. हाताचे तेल आणि घाम शोषून तो वर्षभरात गडद होतो. चिकाचे डागही त्यावर पडतील, म्हणून फिकट रंग टाळून ऑलिव्ह हिरवा किंवा तपकिरी मागवा. भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश एवढ्यावर तो स्वच्छ होतो. मात्र मासे साफ करायला घडीचा चाकू मुळात वापरूच नये, कारण खवले सांध्यात जाऊन बसतात. ते काम विळीवरच करावे.

कार्बन फायबर हलका आणि देखणा असतो, पण आपल्या खाऱ्या हवेत त्याची एक अडचण आहे. कार्बन वीजवाहक असल्यामुळे तो पोलादी स्क्रूला किंवा पत्र्याला टेकलेला असेल आणि मध्ये खारे पाणी आले, तर पोलाद अधिक वेगाने गंजते. टायटॅनियमच्या शेजारी ही भीती नाही. जी-टेन म्हणजे काचेचे धागे इपॉक्सी राळेत बसवून केलेली शीट. इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी ज्या जातीच्या शीटवर करतात, तीच जात. ती पाणी जवळजवळ शोषत नाही आणि मायकार्टा मिळत नसेल तर मी तीच सुचवेन, परंतु हातात ती काहीशी निर्जीव लागते.

वजनाचा फरक कल्पनेपेक्षा मोठा असतो. १०० मिलिमीटर लांब, २५ रुंद आणि ३ जाड अशी एक पट्टी टायटॅनियमची केली तर सुमारे ३३ ग्रॅम भरते, जी-टेनची १४ आणि मायकार्ट्याची साधारण १०. दिवसभर खिशात बाळगणाऱ्याला हा फरक संध्याकाळी जाणवतो.

आता आजोबांचा झोपाळा. लाकूड ओलाव्याने फुगते. माझ्याकडच्या एका लाकडी मुठीच्या चाकूचे पाते आषाढात हरिश्चंद्रगडावर खाचेत असे आवळले गेले, की नख मोडले तरी ते उघडेना. घरी आणून दोन दिवस वाळवल्यावर ते सुटले. तो एकसंध लाकडाचा होता. धातूच्या सांगाड्यावर बाहेरून बसवलेली शिसवी पट्टी पाते आवळणार नाही, शिवाय शिसवी घट्ट आणि मुळात तेलकट असल्याने ओलावा त्यातल्या त्यात सोसते. अडचण कायद्याची आहे. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आपली शिसवी २ जानेवारी २०१७ पासून आहे. लहानशा तयार वस्तूंना त्यात सवलत आहे, पण फळीचा कच्चा तुकडा तयार वस्तू ठरत नाही आणि परवान्याशिवाय पाठवला तर तो सीमाशुल्क खात्यात अडकून आपण कायमचा गमावून बसाल. म्हणून चाकू मायकार्ट्यासह येऊ द्या. त्याची पट्टी सहसा दोन-तीन स्क्रूंवर असते. ती सोडवून नमुना म्हणून सुताराला द्या आणि फळीच्या रेषा मुठीच्या लांबीला समांतर राहतील असा तुकडा कापून घ्या. चाकू उघडल्याने हमी रद्द होते का, हे कारागिराला आधी विचारून ठेवा. पावसाळ्यात मायकार्टा आणि दिवाळीनंतर शिसवी, असा पालटही करता येईल.

प्रश्न : घरात जुने सांबरशिंग आहे. त्याची मूठ करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सांबराच्या शिंगाचा व्यापार करता येत नाही आणि परवानगीवाचून त्याची वस्तू घडवणेही गुन्हा ठरू शकते. शिंग आपोआप गळून पडलेले असले तरी यात फरक पडत नाही. मालकीचे प्रमाणपत्र नसेल तर आधी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. शिंगाचीच मूठ हवी असेल तर पाळीव म्हशीचे शिंग घ्या. ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे असते. कोरड्या हवेत तडकते, म्हणून नाशिकच्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा त्याला तेलाचा हात फिरवा.