मस्कतच्या घरी जाताना टिकली काढू का?

"मॅडम, पार्टनरच्या घरी पहिल्यांदा जातेय, ते लोक जुन्या वळणाचे आहेत, देशही तसाच आहे, मी काय घालू?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात आता वरचेवर यायला लागलाय. पूर्वी तो सिन्नर, येवल्याच्या सासरबद्दल यायचा, आता मस्कत, रियाध, तेहरान अशी नावं येतात. मुलं शिकायला बाहेर पडतात, बाहेरच्या देशातली मुलं भेटतात, मनं जुळतात, मग घरी नेणं आलंच. आज एकीचं सांगते. तिची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि तिला आपण गौरी म्हणू.

गौरी २७ वर्षांची, नाशिकचीच, आजोळ निफाडकडचं. पुण्यात एमबीए करताना तिची एका ओमानच्या मुलाशी ओळख झाली (पुण्यात ओमानी विद्यार्थी बरेच असतात), चार वर्षं झाली त्याला, आता तो मस्कतला नोकरी करतो, आणि डिसेंबरात त्याच्या आईने तिला आठ दिवस राहायला बोलावलं होतं. लग्न ठरलेलं नाही, नुसतं ये, भेटू.

दिवाळी झाल्यावर ती आली माझ्याकडे, गंगापूर रोडला. बसायच्या आधीच तिने कॅरीबॅगमधून एक काळा अबाया (कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा) काढून टेबलावर ठेवला, ऑनलाइन मागवलेला, टॅगसुद्धा तसाच. म्हणाली, "काल हा घालून आरशासमोर उभी राहिले आणि मला रडायलाच आलं. मला त्याच्या आईचा अपमान करायचा नाहीये, पण हे घातल्यावर मी मला दिसतच नाही."

मी विचारलं, हा घालून ये असं त्याची आई म्हणाली का? नाही. तो म्हणाला? नाही, तो म्हणाला तुला कम्फर्टेबल वाटेल ते घाल. मग कोण म्हणालं? तर व्हिडिओ बघितले, मैत्रिणीने सांगितलं, ऑफिसमधल्या एकाचा भाऊ सौदीला आहे तो म्हणाला.

इथे मला थांबून एक सांगायचंय, कारण हा घोळ सगळ्याच करतात. "तिकडचे देश" म्हणून एकच एक देश नाहीये. इराणमध्ये बाईने डोकं झाकणं १९८३ पासून कायद्याने सक्तीचं, परदेशी बाईलाही. सौदीने २०१९ मध्ये टुरिस्ट व्हिसा सुरू केला तेव्हाच सांगितलं की परदेशी बायकांना अबाया सक्तीचा नाही, पण कपडे अंगभर आणि सैल हवेत. आणि ओमानमध्ये बाहेरून आलेल्या बाईने डोकं झाकलंच पाहिजे असं काही नाही, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढी अपेक्षा असते, मशिदीत जायचं असेल तर मात्र नियम कडक. मस्कतची सुलतान काबूस ग्रँड मशीद बघायला आपल्यासारख्यांना सकाळच्या वेळात जाता येतं, तिथे केस, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकल्याशिवाय बाईला आत सोडत नाहीत. म्हणजे गौरी ज्याला घाबरून रडत होती तो नियम तिच्यासाठी नव्हताच. तिला एवढंही कुणी सांगितलं नव्हतं, आणि जे सांगू शकत होता त्याने "कम्फर्टेबल वाटेल ते" म्हणून सोडून दिलं होतं.

याचा मला राग येतो, खरंच. मुलं हे प्रेमाने म्हणतात, मान्य आहे, पण घर त्याचं, आई त्याची, रीतभात त्याला लहानपणापासून माहीत, मग पाहुणीने अंदाजाने चाचपडत का जायचं? तो जेव्हा पहिल्यांदा हिच्या नाशिकच्या घरी आला होता तेव्हा हिने त्याला सगळं सांगितलं होतं, चपला दाराबाहेर काढ, आज्जी समोर आली की वाकून नमस्कार कर, शॉर्ट्सवर येऊ नकोस, जेवताना नको म्हणालास तरी एकदा वाढतीलच. मी म्हटलं, तू त्याला दिलीस तशी यादी त्याच्याकडून माग, आणि त्याला नाही जमणार तर त्याच्या बहिणीचा नंबर घे.

पहिला तास आम्ही कपड्यांवर बोललोच नाही, नुसते प्रश्न लिहून काढले बहिणीला विचारायचे. विमानतळावर कोण येणार? घरात पुरुष किती, कोण कोण? मी कुठे झोपणार? सगळ्यात कामाचा प्रश्न गौरीनेच काढला, रात्री पाणी प्यायला उठले तर अंगावर काय हवं? आपल्याकडे मॅक्सीवर घरभर फिरतो आपण, तिकडे पॅसेजमध्ये त्याचे वडील समोर आले तर? बाहेरच्या कपड्यांचा विचार सगळ्या करतात, रात्रीच्या आणि केस धुवून आल्यावरच्या कपड्यांचा कुणी करत नाही, आणि माणूस अवघडतं नेमकं तिथेच.

बहिणीने छान उत्तरं दिली. हिंदीत व्हॉइस मेसेज पाठवले, मस्कतमध्ये बऱ्याच जणांना हिंदी येतं. घरात फक्त बायका असल्या की आम्ही मोकळ्या केसांनीच असतो, रंगीत झगे घालतो, काळा अबाया फक्त बाहेर जाताना वरून. काका, मामा, भावाचे मित्र आले की डोक्यावर ओढणी घेतो, तू नाही घेतलीस तर कुणी काही म्हणणार नाही, पण जवळ ठेव. पुरुष स्वतःहून हात पुढे करणार नाहीत, तूही करू नकोस, छातीवर हात ठेवून मान झुकवलीस की झालं. तू माझ्या खोलीत झोपशील. बाहेर फिरताना भाईचा हात धरू नकोस.

हे ऐकून गौरीचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "आज्जीपण तेच करते की. चुलत आजोबा ओसरीवर आले की हात आपोआप पदराकडे जातो." मी म्हटलं, हो, पण तुझा जात नाही, आणि तो जावा असं तुझ्या घरी कुणी म्हणत नाही, तिकडेही तेवढंच धर.

मग गौरीची आई आत आली. ती इतका वेळ बाहेर बसली होती, या सगळ्या प्रकरणाला तिचा अजून पूर्ण होकार नाही, पण मुलगी जातेय म्हटल्यावर तिलाही राहवेना. म्हणाली, साडीच नेसू दे ना मॅडम, साडीपेक्षा अंगभर काय असणार. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याला साडी म्हणजे शालीनतेची हद्द, पण साडीत पोट दिसतं, पाठ दिसते, आणि ज्या घरात मनगट-घोटा झाकायची रीत आहे तिथे तेच आधी डोळ्यात भरतं. मस्कतच्या रुवी भागात भारतीय बायका साडी नेसून सर्रास फिरतात, त्यात काही गैर नाही, पण पहिल्या भेटीत आठ दिवस त्यांच्या घरात वावरताना पदर सांभाळत बसण्यापेक्षा कुर्ते बरे. साडी एकच घ्यायची ठरली, ब्लाउज लांब हाताचा आणि बंद पाठीचा.

बाकी बॅग तिने स्वतःच भरली, मला फोटो पाठवत होती. गुडघ्याच्या खाली जाणारे चार कुर्ते, लेगिंग्ज नाहीत, सैल सलवार आणि पलाझो. तिचे जुने कुर्ते चांगले होते पण साइड कट वरपर्यंत, तर इंदिरानगरच्या टेलरकडून तिने कट चार बोटं खाली घेतले, एका पांढऱ्या कुर्त्याला अस्तर लावलं कारण उन्हात तो पारदर्शक दिसायचा. पायात पटकन निघतील असे सँडल. रात्रीसाठी पूर्ण बाह्यांचा पायघोळ कॉटनचा गाऊन आणि उशाशी ओढणी. भेटवस्तूत येवल्याची पैठणी ओढणी, मनुके आणि चिवडा. कुणीतरी नाशिकची आठवण म्हणून वाईन ने म्हणालं होतं, ते मी लगेच नको म्हटलं, तिथल्या घरात दारू घेऊन जाणं म्हणजे पहिल्याच पावलाला ठेच. अबाया टॅगसकट बॅगेच्या तळाशी ठेव म्हटलं, तिथे गेल्यावर वाटलं तर घाल, नाही वाटलं तर परत आण.

निघायच्या आधीच्या भेटीत तिने खालच्या आवाजात विचारलं, "टिकली काढू का?"

मी म्हटलं, हे मला विचारू नकोस, तुला काय वाटतं ते सांग. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बाह्या लांब केल्या, कट खाली घेतले, हे करताना मला काही वाटलं नाही, पाहुणी म्हणून चाललेय तर तेवढं करणारच, पण टिकली काढली तर मी त्यांना खोटी गौरी दाखवतेय असं वाटेल, आणि उद्या लग्न झालं तर त्या खोट्या गौरीशीच त्यांचं नातं जुळलेलं असेल. मी एवढंच म्हटलं की मग हे त्याला आजच सांग, तिथे गेल्यावर नको. त्याने सांगितलं आईला माहितीये, मस्कतमध्ये शंकराचं जुनं मंदिर आहे, टिकली लावलेल्या बायका तिने लहानपणापासून बघितल्यात. आणखी एक ठरवलं दोघांनी, तिला काही खटकलं तर चारचौघात बोलायचं नाही, त्याला नुसतं "निफाड" असं लिहून पाठवायचं, आणि मग त्याने वेळ काढून ऐकून घ्यायचं.

जानेवारीत ती परत आली भेटायला. पहिले चार दिवस उत्तम गेले म्हणाली. दार उघडलं तर त्याची आई हिरव्या भरजरी झग्यात, केस मोकळे, हिला मिठीच मारली. जमिनीवर बसून एका मोठ्या ताटात भात, तो तर हिला पंगतीसारखाच वाटला. कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, छोट्या वाटीत येतो, पुरे असेल तर वाटी हलवायची, हे हिला कुणी सांगितलं नव्हतं, तर ही बिचारी सहा वाट्या प्यायली, शेवटी बहिणीने मनगट धरून हलवून दाखवलं. एका संध्याकाळी त्याचे काका आले, बेल वाजली तशी सगळ्या बायकांनी एकदम ओढण्या डोक्यावर घेतल्या, हिचाही हात ओढणीकडे गेला, तर आईने डोळ्यांनीच राहू दे म्हटलं.

पाचव्या दिवशी निझवाला गेले, मामाच्या घरी. निझवा मस्कतपासून दीडेकशे किलोमीटर आत, तिथलं वातावरण जास्त जुनं. बहीण म्हणाली, इथे सगळ्या अबायातच असतील, तू कुर्त्यात आलीस तरी चालेल, पण सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे जातील. गौरीने विचार केला आणि बॅगेतून अबाया काढला. टॅग बहिणीने नेलकटरने कापला. त्या दिवशी आरशात बघून रडू नाही आलं, मी कारण विचारलं तर म्हणाली, "कारण त्या दिवशी मी घातला होता."

पण तिथेच गडबड झाली. मामीने हौसेने हिच्या डोक्याला शैला, म्हणजे तिकडचा डोक्याचा लांब स्कार्फ, बांधला, घट्ट, कपाळावरून, आणि बांधता बांधता अंगठ्याने टिकली काढली, बोटावरची झटकून टाकली, मोबाइलने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्या कौतुकाने हसत होत्या, कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे गौरीही म्हणते. पण तिच्या पोटात गोळा आला. तिने त्याला "निफाड" पाठवलं.

मला ही भेट यशस्वी वाटते ती पुढच्या गोष्टीमुळे. त्याने "मामी जुन्या विचारांची आहे, सोड ना" असं म्हटलं नाही. परत येताना गाडीत, आई-बहिणीसमोर, हिंदीत, गौरीलाही कळेल असं म्हणाला की फोटो काढून टाकायला सांग, तिला न विचारता टाकलाय, आणि तिची टिकली तिची आहे. आई गप्प बसली. मस्कत येईपर्यंत कुणी बोललं नाही, गौरीला वाटलं आता संपलं. रात्रीत फोटो निघाला ग्रुपवरून. सकाळी ती मुद्दाम टिकली न लावताच खाली गेली, घाबरून, हेही तिने मला प्रामाणिकपणे सांगितलं. आईने कहवा ओतला, खजूर पुढे केले, हिच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून विचारलं, "बिंदी किधर?"

गौरी हे सांगताना रडली, आणि मी तिला रडू दिलं.

मला अशा मुलींबद्दल एक काळजी नेहमी वाटते की त्या दोन टोकांना जातात. एक तर मी आहे तशीच, घ्यायचं तर घ्या म्हणून जीन्स-टॉप घालून जातात आणि पहिल्या दिवशीच घरातल्या बायकांना अवघडून टाकतात, नाहीतर मग सगळंच सोडून देतात, नखांचा रंगसुद्धा खरवडून काढतात, आणि सहा महिन्यांनी त्याच माणसावर त्याचा राग काढतात. पैकी दुसऱ्या प्रकारच्या माझ्याकडे जास्त येतात, कारण त्यांच्या त्यागाचं घरात कुणाला कळलेलंच नसतं. म्हणून मी हल्ली मुलीला एकटीला नाही बोलवत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीला मुलालाही बसवते, तो परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवर. बाह्या किती लांब हे ती शिंप्याकडून करून घेईल, पण मामीशी बोलायचं काम त्याचंच आहे.

गौरीचं लग्न अजून ठरलेलं नाही. २०२३ मध्ये ओमानने परदेशी माणसाशी लग्न करायचे नियम बरेच सैल केले, तेव्हा कागदोपत्री वाट पूर्वीपेक्षा सोपी झालीये, पण लग्न कुठल्या पद्धतीने, धर्माचं काय, मुलांची नावं काय, हे प्रश्न अजून दोघांनी उघडलेले नाहीत, कपड्यांच्या आडून चार महिने तेच तर आम्ही चाचपत होतो. येत्या गुरुवारी तो कॉलवर येणार आहे. गौरीने प्रश्न लिहून आणलेत, पहिल्यासारखेच, वहीच्या पानावर. यावेळी आई बाहेर बसणार नाही म्हणाली, आत बसणार आहे.