क्षमा केली, मग एटीएम कार्डही परत द्यायचं का?

"ताई, प्रभूने सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय. मग मी यांचं कार्ड अडवून ठेवणं चूक नाही का?"

जुगारात अडकलेल्या विश्वासणाऱ्यांच्या घरून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) या बाईंनी बोलता बोलता टेबलावर दशमांशाचं, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा देवाला देण्याचं, पाकीट ठेवलं. उघडून पुन्हा डिंकाने चिकटवलेलं. आत नोटांच्या मापाचे कापलेले कोरे कागद. बेटिंग ॲपवर हरलेलं भरून काढायला नवऱ्याने देवाचा वाटाही उचलला होता. तो शेजारीच मान खाली घालून बसला होता.

मी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलले. जीव नकोसा होतो का, हे सरळ विचारलं. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाला हे विचारावंच लागतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो बराच वेळ रडला. मग म्हणाला, "प्रार्थना करूनही सुटत नाही. माझा विश्वासच खोटा असेल."

खोटा नाही. डाव थोडक्यात हुकला की मेंदूला तो जवळपास जिंकल्यासारखाच वाटतो, आणि हात पुन्हा फोनकडे जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या विकाराची नोंद 1980 मध्ये झाली; 2013 मध्ये तो दारूच्या व्यसनाच्या पंगतीत बसवला गेला. मग हे पाप की आजार? चर्चची मतंही एकसारखी नाहीत. कॅथलिक धर्मशिक्षण पैजेला मुळातच अन्याय्य म्हणत नाही, पण स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ती अमान्य ठरवतं. साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती मंडळी आपल्या सैनिकांना, म्हणजे सभासदांना, जुगारापासून पूर्ण दूर राहायला सांगते. त्या पाकिटापुढे हा मतभेद मला फार मोठा वाटला नाही. कबुली हवी आणि उपचारही हवा.

बाईंना मी म्हटलं, "क्षमा आजच करा. कार्ड मात्र तुमच्याकडेच ठेवा." त्यांनी दोनदा दागिने मोडून गुपचूप कर्ज फेडलं होतं, आणि दोन्ही वेळा ॲपवर पुन्हा पैसे लागले होते. आता सगळी देणी त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहायची, पगार तिच्या खात्यात वळवायचा, फोनवर बेटिंग रोखणारं सॉफ्टवेअर टाकायचं, आणि गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसच्या सभेला जायचं असं ठरलं. 1957 पासून चालत आलेल्या या सभांत जुगार सोडू पाहणारी माणसंच एकमेकांना धरून ठेवतात.

सॉफ्टवेअरचं त्याला खटकलं. "कुलूप लावून मन बदलतं का?"

मी म्हटलं, "आम्हांला परीक्षेत आणू नकोस, असं तुम्ही रोज म्हणता ना? मग परीक्षा खिशात कशाला बाळगायची?" ब्रिटनमध्ये बेटिंगच्या यंत्रांवर एका डावाला 100 पौंडांपर्यंत लावता येत. चर्चच्या लोकांनीही मर्यादेसाठी आवाज उठवला, आणि एप्रिल 2019 मध्ये ती 2 पौंडांवर आली. कायद्याने मन बदलत नाही हे मलाही मान्य आहे. पण मन बदलेपर्यंत घर शिल्लक राहायला हवं. मंडळ्यांनी अशा मर्यादा मागितल्याच पाहिजेत.

चौथ्या महिन्यात तो घसरला. मित्राच्या फोनवरून. त्याच रात्री त्याने बायकोला उठवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा मला फोन आला, "ताई, या वेळी मला पाकीट उघडून बघावं लागलं नाही." कार्ड अजून त्यांच्याकडेच आहे.