वाचकांचे प्रश्न : बॉल पायथनच्या पिल्लांचे रंग

प्रश्न : आमची बॉल पायथन (पाळीव अजगराची एक जात) मादी '६६ टक्के हेट अल्बिनो' म्हणून घेतली होती. अल्बिनो नराशी जोडी लावली. ६ पिल्लं झाली, एकही अल्बिनो नाही. मादी हेट नाहीच, असं धरावं का?

उत्तर : बहुतेक नाहीच. अल्बिनोचं जनुक अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत मिळाली तरच तो रंग दिसतो. हेट सापात एकच प्रत असते, म्हणून तो साधाच दिसतो. हेट × हेट जोडीच्या दर ४ पिल्लांत सरासरी १ अल्बिनो, २ हेट आणि १ साधं (एकही प्रत नसलेलं) निघतं. अल्बिनो बाजूला काढलं की सारख्या दिसणाऱ्या उरलेल्या तिघांत दोघं हेट, तिथून हे ६६ टक्के आले. मादीत ६६ टक्के जनुक आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ती हेट आहे किंवा नाही, एवढंच.

ती हेट असती तर प्रत्येक अंड्यातून अल्बिनो न निघण्याची शक्यता निम्मी, म्हणजे सहाही साधी निघण्याची शक्यता ६४ त १. सुरुवातीचे ६६ टक्के यात धरले, तर ती हेट असण्याची शक्यता ३३ त १, म्हणजे जेमतेम ३ टक्के उरते. दोनच पिल्लांवरून निकाल लावला असता तर हीच शक्यता ३३ टक्के राहिली असती. म्हणून इतक्या छोट्या क्लचवर (एका वेळच्या अंड्यांवर) मादी बाद करू नका. वांझ अंडी या हिशोबात अजिबात धरायची नाहीत.

मात्र आधी नराची वंशावळ तपासा. लॅव्हेंडर अल्बिनो हे वेगळं जनुक आहे. नर त्या वंशाचा आणि मादी साध्या अल्बिनोची हेट असेल, तर एकही पिल्लू अल्बिनो दिसणार नाही. दुसरं, मादी जुन्या जोडीचं वीर्य बराच काळ साठवून ठेवू शकते. तिची आधी दुसऱ्या नराशी जोडी लावली असेल, तर ही पिल्लं '१०० टक्के हेट' म्हणून कुणाला देऊ नका. बाप हाच असेल, तरच ती सहाही नक्की हेट.

प्रश्न : लेसर आणि मोजावे या दोन रंगप्रकारांची जोडी लावली तर काय मिळेल?

उत्तर : ही दोन्ही जनुकं एकाच जागेवरची आहेत आणि एका प्रतीतच दिसतात. प्रत्येक अंड्याला चार समान शक्यता : साधं, लेसर, मोजावे, किंवा दोन्ही मिळालेलं, म्हणजे निळ्या डोळ्यांचं पांढरं पिल्लू. या पांढऱ्या सापाची पुढे साध्याशी जोडी लावली की प्रत्येक पिल्लू लेसर किंवा मोजावे निघतं. साधं एकही नाही आणि पांढरंही नाही. पांढरी पिल्लं हवी असणाऱ्यांची इथेच निराशा होते. लेसर × लेसर जोडीतूनही पांढरी पिल्लं मिळतात, पण त्यांत डोळे बाहेर आलेली निघतात. म्हणून मोजावेची जोडी बरी.

प्रश्न : स्पायडर या रंगप्रकाराची स्पायडरशीच जोडी लावली तर?

उत्तर : लावू नका. स्पायडरची एक प्रत असली तरी डोकं डुगडुगणं आणि तोल जाणं येतंच, कमी किंवा जास्त. हा दोष त्याच जनुकासोबत येतो. निवडक जोड्या लावून तो काढता येत नाही. दोन प्रती मिळालेली पिल्लं जगत नाहीत, असं पैदास करणारे मानतात. आम्ही तर स्पायडर × साधं ही जोडीही सुचवणार नाही.