आधी पट्टे मोजा, मग पलंग: जुनी मोटरहोम कुठल्या ब्रँडची घ्यावी?

प्रश्न: ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा, आणि एप्रिलमध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत. नवऱ्याने मनावर घेतलंय की या वेळी हॉटेलं नकोत, सेकंड हँड मोटरहोम (राहायच्या खोल्या असलेली गाडी) घ्यायची, डिझेलवाली बजेटच्या बाहेर म्हणून गॅसवाली, म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साठ हजार डॉलरच्या आत. आता रोज रात्री जेवताना थॉर की विनेबॅगो की जेको की फॉरेस्ट रिव्हर हेच चालू असतं. त्याचा एक मित्र म्हणतो थॉर अजिबात नको, जेको घे. तुम्हीच सांगा, सहा जणांना घेऊन फिरायचं तर त्यातल्या त्यात बरी कुठली?

उत्तर: ब्रँडवर येते, पण त्याआधी एक काम कर. जाहिरातीत "आठ जण झोपतात" असं लिहिलेलं असतं ना, तो आकडा बाजूला ठेव आणि सीटबेल्ट किती आहेत ते विचार. आठ जणांच्या झोपायची सोय आणि पट्टे पाच, हे या गाड्यांमध्ये सर्रास असतं. आणि पट्टा आहे म्हणून मुलाला तिथे बसवता येईलच असंही नाही. डायनेटची (जेवायच्या टेबलाच्या बाकांची) एक सीट पुढे तोंड करून, एक मागे तोंड करून, सोफा आडवा. आडव्या सोफ्यावर चाइल्ड सीट लावायचीच नाही, मागे तोंड असलेल्या सीटवरही नाही, राहिली एकच बाजू. त्यातही बऱ्याच ठिकाणी फक्त कमरेचा पट्टा असतो, आणि तुझ्या लेकीच्या बूस्टरला (मुलाला उंच बसवणाऱ्या सीटला) कमरेचा आणि खांद्यावरचा दोन्ही लागतात, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर चालत नाही. टेक्सासच्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलाला, उंची चार फूट नऊ इंचांवर गेलेली नसेल तर, चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच. गाडी बघायला जाशील तेव्हा डायनेटची गादी उचलून खाली बघ, पट्टा लोखंडी फ्रेमला बोल्ट केलाय की प्लायवूडच्या खोक्यालाच अडकवलाय. प्लायवूड दिसलं तर मुलांसाठी ती सीट विसर.

म्हणून माझं स्पष्ट मत, दोघांपैकी एकाने मोटरहोम चालवायची आणि दुसऱ्याने आपली नेहमीची मिनीव्हॅन मागून आणायची, मुलं व्हॅनमध्ये. नवरा म्हणेल मग मजा काय राहिली, पण मजा मुक्कामाला असते गं, आय-१० वर वेस्ट टेक्सासमध्ये ताशी ८० मैलांची लिमिट आहे, बाजूने ट्रक सुसाट जातात आणि ही उंच गाडी वाऱ्याने हलते, तिथे मुलं नीट बांधलेली असलेली बरी. शिवाय पोचल्यावर फिरायला छोटी गाडी लागतेच. तुम्ही बिग बेंडला जाणारच, तिथे चिसोस बेसिनच्या रस्त्यावर २४ फुटांपेक्षा लांब आरव्ही (म्हणजे अशी राहायची गाडी) नेऊ नका असं पार्कवालेच सांगतात. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या भागात तर २१ फुटांवरच्या गाडीला बंदीच आहे.

आता ब्रँड. तुझ्या नवऱ्याच्या मित्राला सांग की जेको २०१६ पासून थॉर इंडस्ट्रीजच्याच घरात आहे. टिफिन नावाची कंपनीही २०२० च्या शेवटी तिकडेच गेली. कोचमेन फॉरेस्ट रिव्हरची, न्यूमार २०१९ पासून विनेबॅगोची. थॉरची फोर विंड्स आणि शॅटो या तर जवळपास एकच गाडी, स्टिकर वेगळा, हरिकेन आणि विंडस्पोर्टचंही तेच. आणि खाली इंजिन-चेसिस (चाकांवरचा सांगाडा) बघायला गेलीस तर तुमच्या बजेटमधल्या बहुतेक गाड्या फोर्डवरच, क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली) म्हणजे ई-४५०, क्लास ए (बससारखी सपाट तोंडाची) म्हणजे एफ-५३, २०१९ पर्यंत व्ही-टेन इंजिन आणि नंतर ७.३ लिटरचं व्ही-एट. व्ही-टेन पेट्रोल पिते पण टिकाऊ आहे, फक्त फार जुन्या मॉडेलांमध्ये स्पार्क प्लग उडायचे, तितकी जुनी घेऊच नका. म्हणजे रस्त्यावर धावणारा भाग सगळ्यांचा सारखाच, फरक पडतो तो वरच्या घरात, आणि घरात मुख्य भानगड पाण्याची.

जुन्या आरव्हीत कुठेतरी पाणी मुरत असतंच असं धरूनच बघायला जा. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो पलंग असतो त्याची गादी पूर्ण उचल, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत हात घाल, प्लायवूड अंगठ्याने दाबून बघ. चहा सांडल्यासारखा डाग असेल, लाकूड दबत असेल किंवा नवं वॉलपेपर फक्त तेवढ्याच कोपऱ्यात असेल तर तिथूनच नमस्कार करून निघायचं. मग बाहेरून उन्हात तिरक्या नजरेने भिंत बघ, फायबरग्लासला फुगवटे आलेत का. फुगवटा आला म्हणजे आत थर सुटलाय, दुरुस्ती हजारोंच्या घरात. छतावर शिडीने नवऱ्याला चढव, सगळ्या व्हेंटच्या आणि कडांच्या सीलंटला भेगा आहेत का ते बघायला, आणि तुमच्याकडे गारा पडतात त्याच्या खुणाही.

इथे विनेबॅगोला माझा एक मार्क जास्त. बऱ्याच मॉडेलांचं छत फायबरग्लासचं असतं, कडांचं सीलंट वेळेवर केलं तर वर्षानुवर्षं चालतं, आणि दुसरं म्हणजे जुन्या वर्षांच्या सुद्धा वायरिंगचे आणि पार्ट्सचे नकाशे कंपनीने फुकट साइटवर ठेवलेत. सेकंड हँड घेणाऱ्याला याचं मोल फार, कारण गाडीत काहीतरी बंद पडणारच आणि तेव्हा कुठली वायर कुठे जाते ते घरबसल्या कळतं. जेकोची ग्रेहॉक चालवायला आरामशीर, सस्पेन्शनवर त्यांनी मेहनत घेतलीय. नवी घेणाऱ्याला दोन वर्षांची वॉरंटी देतात त्याचं कौतुक ऐकशील, पण गाडी तुमच्या हातात येईपर्यंत ती कधीच संपलेली असते, तिला भाव देऊ नकोस. थॉर आणि फॉरेस्ट रिव्हर स्वस्त पडतात, फ्लोअरप्लॅन भरपूर, फिनिशिंग मात्र नशिबाचा भाग, एखादी उत्तम निघते तर एखादीचं कपाटाचं दार हातात येतं. आधीच्या मालकाने ते सगळं निस्तरलेलं असेल आणि बिलं जपून ठेवली असतील तर मी थॉरही आनंदाने घेईन. टिफिनची ओपन रोड अलेग्रो किंवा न्यूमारची बे स्टार या बांधणीला सरस, पण साठ हजारांत बऱ्याच जुन्या मिळतील. २०२१ मध्ये अमेरिकेत ६ लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, त्या गर्दीच्या काळातल्या गाड्या मी जरा जास्त बारकाईने बघते.

तुमच्यासाठी मी २०१६ ते २०१९ मधली बंक बेडवाली क्लास सी बघेन, विनेबॅगोची मिनी विनी ३१के, जेकोची ग्रेहॉक ३१एफएस, नाहीतर थॉरची फोर विंड्स ३१ई. मुलं बंकवर, तुम्ही दोघं वरच्या पलंगावर, मागची खोली आईबाबांना. पण त्या खोलीत बेड कोपऱ्यात चिकटवलेला नको, दोन्ही बाजूंनी उतरता यायला हवं, नाहीतर रात्री बाबांना बाथरूमला जायचं तर आईंच्या अंगावरून जावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा मूड गेलेला. स्लाइड-आउट (मुक्कामाला बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) आत घेतलेला असताना बाथरूमपर्यंत आणि फ्रिजपर्यंत जाता येतं का हेही बघ, वाटेत थांबल्यावर तेच लागतं.

क्लास सीची खरी कमजोरी दोन ठिकाणी. एक, बहुतेकींना एसी एकच असतो, जुलैमध्ये टेक्सासात सहा माणसांना तो पुरत नाही, तेव्हा उन्हाळ्यात कोलोरॅडोकडे चढा आणि बिग बेंड एप्रिलमध्येच उरकून घ्या. दोन, वजन. दाराजवळ पिवळा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं, लांब क्लास सीमध्ये कधी कधी तो आकडा हजार-बाराशेच्या आसपास निघतो. चाळीस गॅलन पाणी भरलं की तीनशेतीस पौंड तिथेच गेले, वर गाडीतली मोठी माणसं, आईंचा कुकर आणि दहा किलो तांदूळ. मुलं व्हॅनमध्ये बसवायचं हेही एक कारण.

बाकी टायरच्या कडेचा चार आकडी कोड वाच, शेवटचे दोन आकडे म्हणजे वर्ष. सहा-सात वर्षांचे झाले असतील तर नक्षी नवीकोरी दिसली तरी नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. जनरेटर दोन तास एसी लावून चालवायला सांग. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणाऱ्या डिटेक्टरवर तारीख असते, पाच-सात वर्षांनी बदलावा लागतो. आणि फोडणी बाहेरच्या शेगडीवर करा, आत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो. व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल (कंपनीने दोषामुळे दुरुस्तीसाठी परत बोलावलंय का) दोनदा तपास, एकदा फोर्डचे आणि एकदा वरचं घर बनवणाऱ्या कंपनीचे. पैसे देण्याआधी एनआरव्हीआयएचा (आरव्ही तपासनिसांच्या संघटनेचा) सर्टिफाइड इन्स्पेक्टर बोलाव, डीलर आढेवेढे घ्यायला लागला तर दुसरा डीलर गाठ.

आणि टेस्ट ड्राइव्हला दोघंच जाऊ नका. मुलांच्या दोन्ही सीट्स बरोबर घेऊन जा आणि तिथल्या तिथे बांधून बघा. एखादं ज्येष्ठ माणूस मिळालं तर न्या, पायऱ्या चढायला लावा, बाथरूमचं दार बंद करून आत बसता येतं का विचारा, मग गाडी हायवेवर साठच्या पुढे न्या आणि मागे बसून ऐक काय काय खडखडतंय.